सात नंबरच्या मशीनवरचे एक्केचाळीस सेकंद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, बत्तीस वर्षे एकाच कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात कुणी असावे लागते. रक्तदाब थोडा वर असतो. स्मरणशक्ती शाबूत आहे, किंबहुना त्रास तिचाच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कुणी सांगितल्यास तो थापा मारतो आहे असे समजावे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे हे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. आम्हाला मूलबाळ नाही. घर मी माझ्या दिवंगत पत्नीच्या भाचीला, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या मुलीला देतो. ती लहानपणी सुटीत इथे राहायला येई आणि गॅलरीतल्या कुंड्यांना नको इतके पाणी घाली. खालच्या मजल्यावरून रोज ओरड व्हायची. ती आठ वर्षांची असताना तिचे येणे बंद झाले. त्याचे कारण कलम ४ मध्ये येईल. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. आकडा लिहीत नाही, कारण तो वाचून कुणी माझ्याविषयी बरे बोलू लागेल इतका मोठा नाही.

कलम २. घरातील वस्तू घराबरोबर जातील. त्यांच्याभोवती पिवळ्या पट्टीच्या चौकटी दिसतील, त्याचा खुलासा करतो. कारखान्यात नवे व्यवस्थापक आले तेव्हा त्यांनी प्रत्येक वस्तूला जागा आखून दिली. झाडूची चौकट, तेलाच्या डब्याची चौकट, पाण्याच्या बाटलीचीसुद्धा चौकट. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी चौकट लगेच डोळ्यांत भरते, असा त्यामागचा विचार. आम्ही पोट धरून हसलो, पण विचार चांगला होता हे मान्य करावे लागेल. उरलेली पट्टी मी घरी आणून डबे, कात्री, चाव्या, सगळ्यांना चौकटी दिल्या. पत्नी म्हणाली, "आता माझ्याभोवतीही एक मारा. मी कुठे गेले तर तुम्हाला कळेल तरी."

चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती मी पट्टी लावली आहे. भाचीने खुर्ची खुशाल हलवावी. पट्टी मात्र आपणहून सुटेपर्यंत राहू द्यावी.

कलम ३. 'उत्कृष्ट कामगार' अशी अक्षरे असलेली ढाल भंगारवाल्याला द्यावी. पितळेची दिसते, पण पत्र्याची आहे, त्याला फसवू नये.

याच कलमात एक जुना राग नोंदवून ठेवतो. ज्या साहेबांनी लाइनच्या वर तो दिवा लावला, त्यांना मी माफ केलेले नाही. काम चालू असेल तर हिरवा, कुणाचे मशीन थांबले की लाल, आणि शेजारी त्या मशीनचा नंबर. माणूस लघवीला गेला तरी लाल. परत यावे तर अख्खी लाइन वळून बघत असायची. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी मी अजून न्हाणीघरातून घाईघाईने बाहेर येतो. बाहेर कुणीही वाट बघत नसते.

कलम ४. माझी हत्यारांची पेटी, आतील मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि हाताने घासून बनवलेली, माप तपासायची अकरा गेज यांसह, मी माझ्या मेहुण्याला देतो. हे बक्षीस नाही. का देतो ते लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी सहा नंबरच्या मशीनवर होतो, मेहुणा सातवर. त्याला नोकरी मीच लावली होती. कामाला चोख, पण हात सावकाश. लाइनवर त्याचे नावच 'सावकाश' पडले होते. त्या वर्षी कंपनीने एक घड्याळवाला नेमला. हातात पाटी, पाटीवर घड्याळ. एक बुश, म्हणजे धातूची आखूड पोकळ नळी, मशीनला लावून, कापून, मोजून खाली ठेवायला किती सेकंद लागतात ते तो तीन दिवस टिपणार, आणि त्यावरून सगळ्यांचे रोजचे काम ठरणार. अशा वेळी काय करायचे हे कामगाराला शिकवावे लागत नाही. पंचावन्न सेकंदांच्या खाली कुणी उतरायचे नाही, असे कॅन्टीनमध्ये ठरले. ठरवण्यात मी पुढे होतो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा अंगठा कापला. माझ्या मशीनचा पट्टा तुटलेला होता, मी रिकामाच उभा होतो. "भावजी, जरा माझं मशीन बघा, पट्टी बांधून येतो," म्हणून तो गेला. तेवढ्यात घड्याळवाला आला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पंधरा वर्षं माणसांचे हात बघतोय. तुम्ही मुद्दाम हळू चालवताय, ते कळतं मला. एकदा मनापासून चालवून दाखवा की. असा हात परत बघायला मिळायचा नाही."

त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी चढलो. तोवर माझ्या हाताबद्दल कुणी असे म्हटले नव्हते. मी पाच बुश काढून दाखवले. एक्केचाळीस सेकंदांना एक. मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही. मेहुणा परत आला तेव्हा घड्याळवाला पुढच्या लाइनवर गेला होता.

पुढच्या आठवड्यात बोर्ड लागला: एक्केचाळीस सेकंद. बारा माणसांच्या कामाला नऊ पुरू लागली, तिघे घरी गेले. घड्याळवाल्याच्या पत्रकावर माणसांची नावे नव्हती, फक्त मशीनचे नंबर. एक्केचाळीसच्या पुढे सात होते. आमच्यासमोर सावकाश आणि साहेबांसमोर वाघ, असे सगळ्यांनी धरले. 'सावकाश'चा 'एक्सप्रेस' झाला. तो कॅन्टीनच्या बाकावर बसला की बाक रिकामे होई. मीही उठत असे.

एकदा नळावर त्याने मला विचारले, "भावजी, माझा हात खरंच एवढा चालला असेल?"

"चालला असेल," मी म्हणालो.

तो हात धुऊ लागला. तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्यानंतर त्याने माझ्या घरात पाऊल ठेवले नाही. बहिणीला भेटायचे तर बाहेर भेटे. तीन दिवसांतल्या कुठल्या वेळेचा तो आकडा, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्नी जन्मभर म्हणत राहिली, "माझा भाऊ असं करणार नाही." मी दरवेळी "जाऊ दे" म्हणालो. तिला खरे न कळताच ती गेली. मला याची लाज वाटते.

आता त्या जागी यंत्राचा हात आहे. निवृत्तीआधी दोन महिने त्याचे मनगट धरून मीच त्याला शिकवले. बुश बसवल्यावर त्यावर हलकी टिचकी मारायची मला सवय. तीही तो शिकला. नंतर कुणीतरी ती बिनकामाची म्हणून काढून टाकली.

कलम ५. भाची आता अशाच एका कारखान्यात इंजिनिअर आहे. हातात घड्याळ नाही, कॅमेरे आहेत, आणि सेकंद संगणक मोजतो, असे पत्नी कौतुकाने सांगायची. तिला माझी अट नाही, विनंती आहे. ज्याचे हात मोजशील त्याला आधी नाव विचार, आणि नंबरापुढे ते लिही.

पुरवणी. वरील मजकूर काल लिहून झाल्यावर शेजारच्या नर्सबाईंना साक्षीदार म्हणून बोलावले. त्या म्हणाल्या, "काका, दोन साक्षीदार लागतात. दुसरं कोण?"

लाइनवरचे बहुतेक जण गेले, उरलेल्यांना माझा पत्ता ठाऊक नाही.

"तुमचं असं कुणीच नाही?"

"एक आहे. पण त्याला पेटी लिहून दिली आहे."

"मग तो चालायचा नाही. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

म्हणून कलम ४ मधील पेटीचे दान मी रद्द करीत आहे. बाकीचा मजकूर तसाच राहील. काल मेहुण्याला फोन केला. बावीस वर्षांनी बोलत होतो, तरी नुसते सहीचे काम सांगितले. "किती वाजता येऊ?" एवढेच त्याने विचारले. मी म्हणालो, "अकरा."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. त्याने पहिल्यापासून वाचावे आणि मगच ठरवावे. सही न करता तो उठून गेला तर हा कागद रद्दीत जाईल, आणि माझी त्याबद्दल तक्रार राहणार नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: १४, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारीण, निवृत्त परिचारिका. काकांनी माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरा: सगळे वाचले. कलम ४ मध्ये आकडा चुकला आहे. एक्केचाळीस हा बोर्डावरचा. त्या दिवशी एकोणचाळीस लागले होते, वरचे दोन घड्याळवाल्याने पदरचे घातले. पट्टी बांधून मी लवकर परतलो होतो आणि खांबापाशी उभा राहून मोजत होतो. पेटी आजच घेऊन जात आहे. (सही) मेहुणा.