सकाळचं थोडं काम

२७ ऑक्टोबर, सोमवार

सापडला चोर! आणि कोण, तर आमशा पाडवी. आमच्या संस्थेचा अक्कलकुव्याचा छपाईवाला. ज्याला मी जुलैत 'एंटर म्हणजे हे बटण' इथपासून शिकवलं, तो रोज सकाळी सहा चाळीसला कार्डांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरतो. तेही रूट होऊन — म्हणजे थेट घरमालकाची किल्ली लावून! हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या नवनीत सरांनी यादीच पाठवली आहे. तारीख, वेळ, नाव. एकसष्ट वेळा. आत जाऊन काय टाइप करत होता ते वाचायला कोणाला वेळ आहे? मांजर एकसष्ट वेळा दुधाच्या भांड्याजवळ गेलं, तर का गेलं हे काय विचारत बसायचं?

आणि हे आत्ता! सहा तारखेला गाड्या निघणार. डोंगरातली दोनशे बारा कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जाणार, प्रत्येक घरात सिकलसेलचं, म्हणजे त्या रक्ताच्या आजाराचं, एक माणूस. पाच तारखेला अक्कलकुव्याच्या बाजारात त्यांना कार्डं द्यायची आहेत. कोणती गोळी, किती, दुखणं उठलं तर लगेच काय करायचं — सगळं गुजरातीत, तिकडच्या डॉक्टरला वाचता यावं म्हणून. गेल्या वर्षी कार्ड नव्हतं. डोंगरातल्याच सुकरामच्या मुलाला तिकडच्या कुठल्याशा दवाखान्यातून 'थकलाय, झोपू द्या' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी गेला. नऊ वर्षांचा होता.

तेव्हा चुकीला माफी नाही. आमशाकडून लॅपटॉप काढून घेणार. मेल पाठवला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आमशा स्वतःच शहाद्याला येऊन लॅपटॉप देऊन गेला. डोंगरातून तीन गाड्या बदलून. बॅगेत घालून, वायर नीट गुंडाळलेली, पडदा पुसलेला. पडद्याची बिजागरी तुटली होती, ती तांब्याच्या तारेने बांधलेली. जुगाड! सोबत एक पेनड्राइव्ह, लाल दोरा बांधलेला. म्हटलं, आता याच्यात गावभरचे व्हायरस असणार. खणात टाकला, खण बंद.

विचारलं, "रोज आत जाऊन काय करत होतास?" उभाच होता. म्हणाला, "ताई, सकाळी थोडं काम करावं लागतं. मग चालतं. मी तुम्हाला सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये."

मी म्हटलं, "सकाळी थोडं काम आम्हा सगळ्यांनाच करावं लागतं, आमशा. त्याला रूटची किल्ली लागत नाही." ऑफिसातले सगळे खो खो हसले. मीही. तो नाही हसला.

मग म्हणाला की यंदा ऊसतोडीला जायचं नाही असं ठरवलं होतं, हे काम होतं म्हणून. म्हणजे आता माझ्यामुळे जावं लागणार, असं सुचवायचं होतं का? जाता जाता विचारतो, "माझ्या निशाचं कार्ड आज मिळेल का?" त्याची मुलगी, तिलाही सिकलसेल. म्हटलं, कार्डं पाच तारखेला बाजारात, रांगेत, सगळ्यांना सारखी. आज तुला दिलं तर उद्या प्रत्येकाला द्यावं लागेल. नियम म्हणजे नियम. "बरं ताई," म्हणाला आणि गेला.

बोलायला मी फार बरी आहे, असं लोक म्हणतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

नवनीत सरांनी ग्रुपवर लिहिलं — 'ग्रेट ओनरशिप, गायत्री!' पुढे अंगठा, टाळ्या, रॉकेट. रॉकेट कशाला ते कळलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

रॉकेट जमिनीवरच फुटलं.

आमशाच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सुरू केलं. उत्तर — 'कमांड नॉट फाउंड.' कार्डाचं पान तयार करणारं टूलच आत नाही! बंद केलं, सुरू केलं. नाही. लॅपटॉप बंद केला, सुरू केला. नाही. मारुतीला नमस्कार केला. तोही नॉट फाउंड.

आता हे सॉफ्टवेअर ज्यात भरून येतं तो कंटेनर म्हणजे काय, तर जेवणाचा डबा. पुण्यात भरायचा, इथे उघडायचा. भाजी, पोळी, लोणचं सगळं आत, इथे काही शिजवायला नको — अशी थोरवी नवनीत सरांनी तीन मीटिंगा लावून गायली होती. उघडला, तर पोळीच नाही.

त्यांना फोन लावला. पहिलं वाक्य — "माझ्याकडे चालतंय." वा! मग दोनशे बारा कुटुंबांना घेऊन बाणेरला येऊ का? तुमच्या गॅलरीत रांग लावू?

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय व्हयनं वं? सकायपाईन डबा डबा करी ऱ्हायनी! आपला घरना डबा उघाड, जेव पहिले!"

आमशाचे दोन मिस्ड कॉल. लॅपटॉप परत मागत असणार. उचलला नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस गेले. डबा नव्याने भरते आहे. मारे एक ओळ लिहिली — 'हे टूल बसव.' बिल्ड चालू. चहा होईपर्यंत लाल अक्षरांची ही लांब शेपटी! कारण काय, तर आपला पाया जुन्या लिनक्सचा, आणि त्या जुन्या लिनक्सचं कोठारच त्यांनी हलवलंय. ४०४. दुकान बंद, पाटी तेवढी शाबूत. बरं, नवा पाया घ्यावा तर बाकीच्या तीन गोष्टी मोडतात. एकीला बरं करावं तर दुसरी आजारी. सासरच म्हणायचं.

शेवटी नवनीत सरांना विचारलं, की हे टूल होतं ना आत? मग गेलं कुठे?

"अगं, जुलैमध्ये मी इमेज, म्हणजे तो तुझा भरलेला डबा, स्लिम केली. दोन जीबीची तीनशे एमबी! तुमच्या डोंगरातल्या नेटवर्कसाठीच. न लागणारं सगळं काढून टाकलं."

न लागणारं! कार्ड छापायच्या सॉफ्टवेअरमधून कार्ड छापायचं टूल! बारीक व्हायला सांगितलं तर माणसाने हातच कापून ठेवले. पण डोंगराचं नाव पुढे केलं की कोण काय बोलणार? सगळं डोंगराच्या भल्यासाठीच असतं. मी ग्रुपवर मात्र 'नोटेड सर' लिहिलं. अशी ही माझी जीभ. आमशापुढे तलवार, पुण्यापुढे लोणी.

पण जुलैत टूल गेलं, तर ऑगस्टपासून बाकीच्या गावांची कार्डं छापली कशी? बहुतेक आमशानेच मध्ये काही तरी बिघडवलंय. दुसरं काय असणार?

२ नोव्हेंबर, रविवार

कसंबसं दुसरं एक टूल कोंबलं. छापलं! उड्या मारल्या!! मग कार्ड सरळ धरून पाहिलं. मराठी ठीक. गुजरातीच्या जागी नुसते चौकोन. ओळीने रिकामे चौकोन, विटा रचल्यासारखे. गुजराती अक्षरांचा फॉन्टही सरांना 'न लागणारा' वाटला असावा.

फोटो रूपालीला पाठवला. रूपाली अक्कलकुव्याची नर्स, कार्डावरची सगळी माहिती तीच भरते. लगेच फोन. "ताई, ह्या चौकटी दखाडीसन तठला डॉक्टरले मी काय सांगू? ही गोळी चौकोनी शे?"

हसू आलं. मग नाही आलं. तीन दिवस उरलेत.

३ नोव्हेंबर, सोमवार

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते. इथे तर दुसरं कोणी वाचणार नाही.

सगळे उपाय संपले, तेव्हा आमशाला पकडायचं ठरवलं. काय बिघडवलंस ते पुराव्यानिशी दाखवू म्हणून लॅपटॉपमधल्या नोंदी पहिल्यांदा उघडून वाचल्या. एकसष्ट सकाळी. सहा चाळीस. रोज त्याच चार ओळी.

पहिली ओळ — पेनड्राइव्हवरून टूल बसव.
दुसरी — गुजरातीचा फॉन्ट आत टाक.
तिसरी — फॉन्टची यादी ताजी कर.
चौथी — एक कार्ड छापून बघ.

बस्स. एवढंच 'थोडं काम'. आपला कंटेनर रोज सकाळी नव्याने जन्मतो, आदल्या दिवशी बसवलेलं सगळं विसरतो. म्हणून हा माणूस एकसष्ट दिवस, पहिलं कुटुंब दारात यायच्या आधी, गुपचूप पोळी करून डब्यात ठेवत होता. आणि आम्ही डब्याचं कौतुक करत होतो.

चौथ्या ओळीत रोज एकच नाव. निशा आमशा पाडवी. तपासायला त्याने स्वतःच्याच मुलीचं कार्ड घेतलेलं. रोज.

खण उघडला. पेनड्राइव्ह. लाल दोरा. आत त्याच जुन्या लिनक्सचं नेमकं टूल, जे मला तीन दिवस जगात कुठे मिळालं नाही. फॉन्ट. आणि एक लहानशी फाइल, नाव 'सकाळचे काम'. चार ओळी, प्रत्येकीखाली मराठीत अर्थ. कुठून काय आणलं तेही — 'टूल आश्रमशाळेच्या कॉम्प्युटर सरांच्या जुन्या सीडीत मिळाले. बाकी यूट्यूबवर पाहिले.' शेवटी तारीख, अकरा ऑगस्ट, आणि लिहिलंय —

'ताईंना सांगितले. ताई हसल्या.'

मला ते आठवतही नाही! हे सगळ्यात वाईट. काय म्हणाले असेन? असंच काही तरी चुरचुरीत. लोकांना हसू आलं असेल.

रूपालीला फोन केला. म्हटलं, अगं, तो ओरडला का नाही? दुसऱ्यांदा सांगितलं का नाही? नवनीत सरांना का नाही कळवलं? मी असते तर दिल्लीपर्यंत बोंब मारली असती.

"तुम्ही मारतीस, ताई. डोंगरना लोकेसनामा रीत येगळी शे. मांगी आणेल अवजारना दांडा मोडना, ते नवा बसाडीनच परत देतंस. मालकना दारशी बोंब नही मारतंस. मारी ते त्यासले लाज वाटस."

समोर लॅपटॉप उघडा होता. तांब्याच्या तारेची बिजागरी. सहा दिवस मी तिला जुगाड म्हणत होते. एकदाही हलली नाही ती.

त्याच्या चारही ओळी जशाच्या तशा डबा भरायच्या कृतीत घातल्या. पेनड्राइव्हवरचं टूल, त्याचाच फॉन्ट. बिल्ड. सगळं हिरवं! कार्ड छापलं. गुजराती अशी सुरेख, जणू सुरतेहून छापून आणलीय.

आमशाला फोन. बंद. पुन्हा. बंद. त्याच्या पाड्यावर रेंज नसतेच. पाच तारखेला रांगेत येईलच निशाला घेऊन. तेव्हा सगळ्यांसमोर माफी मागणार. ज्यांच्यासमोर हसले त्या सगळ्यांना घेऊन जाणार. आणि लॅपटॉप परत त्याच्या हातात देणार. चुरचुरीत काही बोलणार नाही. जमलं तर.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोनशे अकरा कार्डं वाटली. एक उरलं.

सकाळी नवापासून टेबल मांडून बसले होते. मिरच्यांच्या ढिगांमागे, मोबाइल कव्हरवाल्याच्या शेजारी. प्रत्येक लहान मुलगी दिसली की मान वर. सुकरामची बायको आली होती, तिच्या धाकटीचं कार्ड न्यायला. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, पोलक्यात ठेवलं.

दुपारी रूपालीला म्हटलं, आमशा अजून नाही आला.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमले ठाऊक नही? एकतीस तारीखलेच मुकादमनी पहिली गाडी निंघी गयी. काम गयं ना त्यान्हं, मंग मुकादमनी त्याले पहिल्याच गाडीमा भरं. तो, बायको, पोर. जावाना आदला दिन तुमले फोन करा म्हणे त्यानी, दोनदा. कार्डसाठे."

दोन मिस्ड कॉल.

"फक्त पोरगीनं कार्ड दी टाकतात तरी चालतं, ताई," म्हणाली. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ग्रुपवर नवनीत सर — 'दोनशे अकरा कार्डं! स्लिम इमेजचं यश!! टीम एफर्ट!' अंगठा, टाळ्या, रॉकेट. मी लिहिलं, 'सर, इमेज आमशा पाडवीने चालवली. तुम्ही आणि मी ती मोडली.' पाठवलं. अजून कोणाचा अंगठा नाही.

मुकादमाचा नंबर मिळवला. टोळी बारडोलीच्या पुढे उतरलीय म्हणे. "पोरगी बरी आहे का?" विचारलं. म्हणाला, "कालपासून पाय दुखतात म्हणते. थकली असेल, झोपलीय." मी ओरडले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या! हो हो म्हणाला. मागे ट्रॅक्टर चालू होता. काय ऐकू गेलं, देव जाणे. तिकडच्या डॉक्टरला कोणी काय सांगायचं? कार्ड इथे माझ्या हातात.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघते. मीच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शहादा स्टँड. सुरतेची गाडी लागलीय. निशाचं कार्ड कोरडं राहावं म्हणून आमशाने परत केलेल्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायला गेले. आतला कप्पा आजवर उघडलाच नव्हता. त्यात लाल दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. रोज सकाळी छापून पाहिलेली कार्डं. सगळी निशाची. नाव, गोळी, सगळं बरोबर, सगळं स्वच्छ गुजरातीत. वर चिठ्ठी — 'तपासणीची कार्डे. संस्थेची आहेत.'

बाकावर बसून मोजली. मग पुन्हा मोजली. एकसष्ट आहेत. एकही कमी नाही.