सर, मी बाद आहे

कळवा, शनिवार, डिसेंबर १९८८

आज शाळेत मुलामुलींची एकत्र खो-खो मॅच होती. पी.टी.च्या सरांनी आधीच जाहीर केलं, "मुली कच्चा लिंबू. त्यांना बाद धरायचं नाही." झालं! मग आमच्यामागे कोण कशाला धावेल? मी मैदानात नुसती उभी.

शेवटी वर्गातल्या नीलेशवर ओरडले, "अरे, घाबरतोस काय? पकड ना!" तो चिडून सुटला. मीही जीव तोडून पळाले. खांबाजवळ पाठीत थाप बसली, चांगली सणसणीत. मी सरळ बाहेर येऊन बाद झालेल्या मुलांत बसले.

सर म्हणाले, "अगं, तुला चालतं, खेळ तू."

"नाही सर, मी बाद आहे."

पाठ अजून चुरचुरतेय. आई तेल लावायला बोलावत होती. नको म्हटलं. राहू दे आजची रात्र.