शांतामावशीच्या टोळीला कुलूप

२० सप्टेंबर
सकाळच्या एसटीने मावशीच्या गावी, महागाव तालुक्यात. आमच्या वेबसाइटची पहिली चाचणी. विहारात सतरंजी टाकलेली. पाच मुकादम बाया, हातात पोरांचे मोबाईल. सगळ्यांत पुढे शांतामावशी, आईची धाकटी बहीण. गावातली कापूस वेचायची सगळ्यात मोठी टोळी तिची.

काम सोपं. शेतकरी वावर, तारीख, बाया किती हव्यात ते टाकतो. मुकादमबाईला ते दिसतं. खाली दोन बटणं, हो आणि नाही. हो दाबलं की शेतकऱ्याकडे हिरवी खूण, 'टोळी पक्की'. यापेक्षा सोपं काय करायचं माणसाने!

सगळ्यांना जमलं. सागर (प्रोग्रॅम त्याचा, कटकट माझी) खुश. पण एक खटकलं. मी मुद्दाम एकाच तारखेला तीन वावरं टाकली. मावशीने तिन्हींना हो दाबलं.
म्हटलं, तिन्हीकडे जाशील?
"नाई."
मग नाही दाब ना.
"पहिल्या कापसाले नाही कसं म्हनू वं रंजू? आपल्या तोंडून?"
बाकीच्याही माना डोलावत होत्या. टिपून ठेवलं, 'प्रशिक्षण हवं'. आपल्याला काही कळलं नाही की आपण हेच लिहितो.

६ ऑक्टो.
यवतमाळ. संस्थेचे सर ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे दारव्हा रोडवरची आमची एक खोली, त्यामुळे सर आले की सागरला दारात उभं राहावं लागतं. काम त्यांच्या संस्थेचं. आमचं पहिलं मोठं काम. हे नीट झालं तर पुढच्या हंगामात केळापूरकडची गावंही आमच्याकडे.

सर हरखलेले. एकही नकार नाही! सागरला शंका, नाही-चं बटण बिघडलं असेल. तपासलं. बटण ठणठणीत. कोणी दाबतच नाही. हसावं की रडावं.

सरांची नवी मागणी. हो म्हणून तीनदा गेली नाही, तशी शेतकऱ्याने नोंद केली, तर त्या टोळीला वेबसाइटवर कुलूप. "शेतकऱ्याला खात्री पाहिजे, मॅडम." बोंडअळीने लोक धास्तावलेत, फुटलेला कापूस झाडावर ठेवायला कोणी तयार नाही. सरांचं खोटं कुठे आहे? मी हो म्हटलं.

१५ ऑक्टो.
मावशीबरोबर वावरात. गजाननभाऊंकडे आज सीतादही, म्हणजे पहिला वेचा. भाऊंच्या बायकोने कापसाच्या पऱ्हाटीपाशी पूजा केली, दहीभात शिंपडला, मग सगळ्यांच्या हातावर दिला. मी विचारलं, मावशी, आपण हे मानतो का?
"पूजा त्यायची. वेचाचं आपल्याले. दहीभात सगळ्यायचा. खाय गुपचूप."
खाल्ला. छान होता.

खरी गंमत संध्याकाळी. मावशीच्या ओट्यावर बाया जमल्या. कोणाचं वावर किती फुटलं, कोणाकडे घरात बाळंतीण आहे, कोणाचा रस्ता चिखलाचा, यावर बोलत बोलत उद्याचं ठरलं. मग टोळीतली सुमनबाई उठली आणि ज्यांच्याकडे जायचं नव्हतं त्यांच्या दारावरून सांगत गेली, उद्या नाही, परवा. कोणी रागावलं नाही. शेतकरीही चार टोळ्यांना सांगून ठेवतात म्हणे.

म्हणजे यांचं हो म्हणजे 'तुमचं नाव घेतलं'. दिवस ठरतो आदल्या संध्याकाळी. हे मला ठाऊक नसावं? मी याच लोकांतली! पुण्याला चार वर्षं काय राहिले...

१७ ऑक्टो.
उपाय सुचला. तिसरं बटण, 'पाहू'. सागरने दुपारीच करून दिलं. मावशीला फोनवर उघडायला लावलं.
"हे नको ठेवू. पाहू म्हनलं का लोकायले वाटते, मी टाळून राह्यली."
मग काय ठेवू?
"हो हाये नं. तेच बरं हाये."
सरांना विचारलं तर ते म्हणाले, अर्धवट उत्तर द्यायला वेबसाइट कशाला? गंमत म्हणजे दोघांचं म्हणणं एकच. बटण काढलं. मावशीला म्हटलं, बरं, आता सगळं मोबाईलच सांगेल. कुलूप मात्र आजपासून चालू. मी थांबवायला हवं होतं का? कोणत्या तोंडाने थांबवणार, दुसरं काही दाखवायलाही नाही.

२५ ऑक्टो.
काल पाऊस. आज गजाननभाऊंचा फोन, थेट ऑफिसात. आवाज चढलेला.
"तुमच्या हिरव्या खुनेवर भरोसा ठेवला, ताई. म्हनून दुसऱ्या टोळीले इचारलं नाई. दोन दिवस वाट पाहून राह्यलो. आता कापूस झाडावरच भिजला, काळा पडते तो."
मी सॉरी म्हटलं. सॉरीने कापूस वाळतो का?

लगेच मावशीला फोन. सुमनबाई सांगायला गेली नाही?
"कायले जाईन? तूच म्हनलं होतं ना, आता सगळं मोबाईल सांगते. मले वाटलं, आमी दुसरीकडं गेलो का भाऊले कळत असन त्याच्यातून."

डोकंच बंद पडलं. सांगायला जाणारी बाई आम्हीच घरी बसवली, आणि तिचं काम वेबसाइटमध्ये घातलंच नाही. भाऊ खरे, मावशी खरी. मग चूक कोणाची? सागर म्हणतो, "आपल्याला काम सांगताना हे कोणी सांगितलंच नव्हतं." सांगणार कसं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

२९ ऑक्टो.
मावशीच्या टोळीला कुलूप लागलं. गावातल्या आणखी दोन टोळ्यांनाही. सरांना वाटतं यंत्रणा उत्तम चालली आहे.

कुलूप म्हणजे नुसती लाल खूण नाही. वावरात न्यायची गाडी संस्थेची, ती फक्त वेबसाइटवरून. गाडी नाही म्हणजे लांबची वावरं बंद. आणि ती लाल खूण साऱ्या गावाच्या मोबाईलवर. इतक्या वर्षांत मावशीला कोणी खोटी म्हटलं नव्हतं. ते काम माझ्या हातून झालं. जेवण गेलं नाही.

३१ ऑक्टो.
मावशीचं कुलूप काढलं. फक्त मावशीचं. दोन मिनिटांचं काम. सागरने पाहिलं, डबा धुवायला गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

१ नोव्हें.
मावशीचा फोन. मला वाटलं, खुश असेल.
"माह्या एकटीचं काहून खोललं?"
म्हटलं, तुझ्यासाठी.
"त्या दोघी काय चोर हायेत? लोक म्हनून राह्यले, शांताची भाची तिथं हाये म्हनून. लाव परत."
मावशी, हंगाम जाईल तुझा.
"जाऊ दे. मी नाई जात वेचाले."
फोन ठेवला. माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती.

लगेच सरांचा निरोप. कुलूप कोणी काढलं? सोमवारी मोठ्या लोकांपुढे सादरीकरण आहे, तोवर एकही उघडायचं नाही, नाहीतर काम नागपूरच्या कंपनीकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मावशीचं कुलूप परत लावलं.

२ नोव्हें.
मावशीच्या घरी. ओट्यावर बसून लिहिते आहे. भर हंगामात दिवसाढवळ्या तिन्ही टोळ्यांच्या बाया घरी. गावाबाहेर वावरं पांढरी झालीत, येताना एसटीतून पाहवत नव्हतं.

मघाशी गजाननभाऊ आले. राग ओसरलेला, पण घाईत. भिजला तो गेला, मागून फुटलेला तरी घरात यावा एवढंच म्हणणं. मावशीला म्हणाले, "शांताबाई, उद्या याल का?" तिने माझ्याकडे बोट केलं. "हिले इचारा. गाडी हिच्या हातात हाये."

"ताई, उघडता का? नाई त मी दुसऱ्या गावच्या बाया पाहतो. मले आता पक्कं सांगा."

लॅपटॉप मांडीवर उघडा. तिन्ही टोळ्यांची नावं समोर, लाल. उघडली तर सागर आणि मी सोमवारी रिकामे. आणि उघडली तरी पुन्हा तेच हो, तीच हिरवी खूण, पुन्हा कोणाचा तरी कापूस भिजणार. ते नीट करायला सुमनबाईचं काम वेबसाइटमध्ये घालावं लागेल, आणि ते कसं घालायचं ते मला अजून माहीत नाही. नाही उघडली तर या बाया... मी मावशीकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल उघड. किंवा म्हणेल राहू दे.

ती म्हणाली, "तुले कराचं ते कर, बाई. पन आता तू हो म्हनशीन त मी ते खरं धरीन."

भाऊ अजून दारात उभे आहेत. बाया माझ्याकडे पाहत आहेत.