हेडफोनची वायर खिशात ठेवणाऱ्याचा सत्कार

अण्णा,

प्रिय तर तू आहेसच, पण ते लिहून दाखवायची आपल्या घरात कधी पद्धत नव्हती.

तुला जाऊन चौदा महिने झाले. मी एवढी बोलणारी बाई, पण तुझ्या शोकसभेत दोन वाक्यांपुढं जाऊ शकले नाही. आज लिहायला बसले ती मात्र दुःखानं नव्हे, रागानं. परवा घरी एक निमंत्रणपत्रिका आली. येत्या रविवारी बेळगावात, टिळकवाडीत सुधीरचा सत्कार आहे. कशाबद्दल, सांगू? दोन रेकॉर्डी एकमेकींत बेमालूम मिसळून बेळगावला न थांबता नाचायला शिकवणारा पहिला कलावंत म्हणून! आणि प्रमुख वक्त्या कोण? मी.

पत्रिका घेऊन आलेले निवृत्त मास्तर सज्जन होते. तुम्ही बोलणार म्हटलं की हॉल भरतो, म्हणाले. मला सगळे सासरच्या आडनावानं ओळखतात. मी तुझी बहीण हे ना मास्तरांना ठाऊक, ना सुधीरला. मी चहा ठेवायच्या आधीच होकार देऊन टाकला.

पहिला कलावंत! अण्णा, सुधीर दोन रेकॉर्ड प्लेअर घेऊन निपाणीत आपल्या दुकानात आला तो दिवस मला लख्ख आठवतो; मी मागच्या खोलीतून ऐकत होते. तू लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचास. लग्नं, जयंती, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या आमच्या सभा, सगळीकडं तुझेच कर्णे. सुधीर कंत्राटदाराचा मुलगा. आखातातल्या मामानं त्याला दोन रेकॉर्ड प्लेअर पाठवले होते आणि बेळगावच्या कॅम्पातल्या एका हॉलमध्ये तो डिस्को संध्या भरवायचा. त्याची अडचण एकच होती. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत नाचणारे खुर्च्यांकडं वळायचे. हे जोडून देता येईल का, असं त्यानं तुला विचारलं. तू बघतो म्हणालास आणि महिनाभर दुकानाचा मागचा दरवाजा लावून घेतलास.

काय काय केलंस रे त्या महिन्यात! घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजायचास आणि रेकॉर्डीच्या कव्हरवर पेन्सिलीनं आकडा लिहायचास. सारख्या आकड्यांच्या दोन रेकॉर्डी एकदम लावल्यास तेव्हा मी तिथंच होते. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा आवाज झाला. मी हसून लोळले आणि तू कपाळाला हात लावून बसलास. आकडा जुळूनही गाणं का जुळत नाही? दोन दिवसांनी तूच मला उत्तर सांगितलंस. दोन माणसं एकाच वेगानं चालतात, पण एकाचा डावा पाय पडतो तेव्हा दुसऱ्याचा उजवा पडतो. वेग जुळवणं हे निम्मंच काम. पाऊल पावलावर पडायला हवं.

एका प्लेअरला वेग कमीजास्त करायचं बटण होतं, दुसऱ्याला नव्हतं. मग त्या दुसऱ्याच्या फिरत्या थाळीच्या कडेला तू अंगठा टेकवायचास, इतका हलका की थाळी दबायची नाही, नुसती रेंगाळायची. दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी तुला ऐकायची असायची. हेडफोन एकच होता आणि तो सुधीरकडं. म्हणून तू वाकून कान सुईजवळ न्यायचास. आवाज बंद असला तरी सुई बारीक किणकिणते, हे तुझ्यामुळं मला कळलं.

पहिल्या कार्यक्रमाला सगळं मुसळ केरात जाणार होतं. दुपारी निपाणीत मोजलेले आकडे बेळगावच्या संध्याकाळी लागूच पडेनात. दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, एक प्लेअर जास्त मंदावायचा, दुसरा कमी. पेन्सिलीचे आकडे बाजूला सारून तू टाचेनं ताल धरलास आणि तीन तास नुसत्या कानावर हॉल नाचवलास.

आणि तू होतास कुठं? पडद्यामागं!

पुढं टेबलाशी सुधीर उभा असायचा, कानाला हेडफोन लावून. त्या हेडफोनची वायर कुठं जोडलेली असायची? कुठंच नाही. ती त्याच्या पँटच्या खिशात असायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

जाहिरातीत आपलंही नाव यावं असं तुला एकदा, एकदाच, वाटलं होतं. सुधीरच्या वडिलांनी मोठ्या प्रेमानं तुझं पूर्ण नाव विचारलं. आडनावाशी येताच त्यांची पेन्सिल थांबली. मग म्हणाले, "असं करू, 'सुधीर आणि सहकारी' एवढंच घालू. सुटसुटीत दिसतं." तू हे मला हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

सभेसाठी मी बेळगावला आले होते, तेव्हा तू मला मागच्या दारानं आत घेतलंस. तू वाकलेला, कान सुईला, अंगठा थाळीला, आणि पडद्यापलीकडं टाळ्या घेत कमरेत वाकणारा तो! माझ्या अंगाची लाही झाली. मी तुझ्या कानाशी लागून म्हणाले, "अण्णा, एकदा अंगठा उचल की रं. कळू दे लोकास्नी कोण वाजिवतंय."

तू मान वर न करता म्हणालास, "नाचणाऱ्यांनी काय घोडं मारलंय गं कुशे? पाय त्यांचं अडखळतील. त्याचं न्हाय."

एवढा चांगुलपणा तू कुठून आणलास? आपल्या आईनं वखारीत तंबाखूची धूळ खात आपल्याला मान वर ठेवायला शिकवलं, आणि तू मान खाली घालण्यातच कसब दाखवलंस! मला तुझा फार राग आला. तो मी वाईट रीतीनं काढला. निपाणीच्या सभेत, तुझ्याच माईकवरून, मी म्हणाले की जुलूम करणारा एक असतो, पण त्याच्या पडद्याला दोरी बांधणारे आपल्यातलेच असतात. नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. तू दहा हातांवर अॅम्प्लिफायरजवळ बसला होतास. आणि तू काय केलंस? मागच्या रांगेतल्या बायकांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवलास. अण्णा, त्या वाक्याची माफी तुझ्याकडं मागायची राहिली. तुझ्या काविळीनं मला तेवढी उसंत दिली नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुधीर घरी आला होता, हे तुला कोण सांगणार? वहिनीला म्हणाला, रेकॉर्डी आमच्या आहेत, कव्हरांसकट द्या. मी घरी नव्हते. वहिनीनं मुकाट्यानं दिल्या. आता पत्रिकेत छापलं आहे की ठोक्यांची मोजणी ही त्याची स्वतःची साधना आहे. तुझ्या पेन्सिलीची साधना!

काल वहिनी म्हणाली, "सोडा की आक्का. गेलेल्या माणसाच्या नावानं भांडान कशाला?" मी तिला सांगितलं, गेलेला माणूस भांडू शकत नाही, हाच त्यांचा सगळा हिशोब आहे. क्षमेवर मी पुष्कळ वाचलं आहे. चांगली चांगली पुस्तकं आहेत. पण क्षमा मागितल्याशिवाय ती देऊन टाकावी, असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

म्हणून मी रविवारी जाणार आहे. चांगलं पातळ नेसून जाईन. दहा मिनिटं सुधीरचं तोंड भरून कौतुक करीन. ज्या माणसाला सगळ्यांसमोर खाली आणायचं, त्याला आधी उंच चढवावं लागतं. मग मी म्हणेन, शब्द पुरे झाले, कलावंतानं आता कला दाखवावी. तुझा दोस्त मारुती, जो आता तुझे कर्णे चालवतो, बाजूच्या दारानं दोन प्लेअर आणून मंचावर ठेवील. दोन रेकॉर्डी मी निवडल्या आहेत. पडदा नसेल. मागं कोणी नसेल. आणि तुझा आक्षेपही उरलेला नाही, कारण रविवारी कोणी नाचणार नाही. सगळे खुर्च्यांवर बसलेले असतील.

त्यानं त्या जुळवल्या, तर मी भर सभेत त्याच्या पाया पडेन आणि पुन्हा कुठल्याही व्यासपीठावर चढणार नाही. हा माझा शब्द.

नाही जुळवल्या, तर मी काही बोलणार नाही, अण्णा. जन्मभर बोलून मिळवलेली जागा मी त्या दिवशी गप्प राहण्यासाठी वापरणार आहे. तो घसा साफ करील, मशीन बिघडलंय म्हणेल, वडिलांकडं बघेल. कुणीतरी उठून म्हणेल, बाई, पुरे करा आता. मी पुरे करणार नाही. मी माईकजवळ उभी राहून एवढंच म्हणेन, "सावकाश होऊ दे. आम्ही थांबलो आहोत."

तुझी धाकटी,
कुसुम