सहा किलो उरले होते, ताई

प्रिय ताई,

आज सकाळी दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याऐंशी! उतरलो, पुन्हा चढलो. तेवढंच. तुला सांगायला फोन हातात घेतला आणि आठवलं, तुला जाऊन सात महिने झाले. मग सांगू कोणाला? म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत लिहायला बसलोय.

माझी किडनी तुला जुळते म्हटल्यावर तू रडलीस. पण डॉक्टर लगेच म्हणाले, "एकशे दोन किलोच्या माणसाचं ऑपरेशन मी करणार नाही. पंच्याऐंशीच्या खाली या, मग बोलू." बाहेर आल्यावर तू मलाच धीर देत होतीस. "मीच चारून चारून वाढवलं तुले. आता मीच म्हणते, उतरव!" खरंच गं, डोणगावला तुझ्या घरी आलो की तिसरी पुरणपोळी ताटात कोण टाकायचं?

इकडे जानेफळात घरी बसून मी बहाणा शोधला. जिम चिखलीला, रोज जायचं तर बियाण्याचं दुकान कोण बघणार? पहिला महिना मी काहीच केलं नाही, ताई. फोनवर मात्र ठोकून दिलं, "तीन किलो उतरलं." तू म्हणालीस, "शाब्बास रे माह्या वाघा!" तेव्हा माझ्या हातात कचोरी होती.

मग एका दुपारी तुझ्याकडे आलो. उन्हातून आल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलो, आणखी मागितलं. तू दिलंस. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं तुझं दिवसभराचं पाणी खिडकीत एका लहान बाटलीत मोजून ठेवलेलं होतं, निम्मं संपलेलं. तू माझ्या गळ्याकडे बघत होतीस. मी तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशीपासून मोटरसायकल बंद. शेत तीन किलोमीटर, जाऊन-येऊन पायी. पहिल्या दिवशी नाल्यापाशीच बसलो, छाती फुटते की काय वाटलं! लोक विचारायचे, "काऊन शेठ, गाडी इकली काय?" हमालाला सांगून खताच्या थैल्या मी उचलू लागलो. विहिरीच्या जुन्या दोराचा तुकडा घेऊन वाड्यामागे उड्या मारायचो, पोरं दात काढायची. सूर्य मावळायच्या आत एक भाकर, भाजी, बस. तुझी भावजय सुनीता शेवेची बरणी माहेरी देऊन आली.

एक्याण्णववर होतो तेव्हा भाऊजींचा फोन आला. "राजू, ये लवकर." मी आलो तेव्हा तुला अंगणात आणलं होतं.

सहा किलो उरले होते गं. तो एक महिना वाया घालवला नसता तर? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा! तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत. तेरवी झाल्यावर पुन्हा चालायला लागलो. सुनीताने विचारलं, "आता कोणासाठी?" मी चप्पल घालून निघून गेलो.

आणि भाऊजी? ते येईल त्याला सांगतात, "माह्या साळ्यानं पहिल्या दिवसापासून जिवाचं रान केलं." मला ऐकवत नाही. ते स्वतः दिवसभर पलंगावर पडून असतात. पोट सुटलंय, साखर वाढलीय, जिना चढताना थांबतात. तू असतीस तर ओरडली असतीस. मी नुसता बघत बसलो.

ताई, उद्या पहिल्या एसटीने डोणगावला जातो. आठ दिवस तिथेच राहतो. त्यांना आधी त्या महिन्याचं खरं सांगतो, मग हाताला धरून चालायला रस्त्यावर काढतो. शिव्या देतील, देऊ देत. बोलणं टाकतील, तरी चार पावलं मागून चालेन. पण त्यांना घरात बसू देणार नाही, हा माझा शब्द. आणि या खेपेला खोटं वजन सांगणार नाही.

तुझा,
राजू