नागपूरपर्यंतचा वेग

रविवार, सायंकाळ

पुण्याहून मुलाचा फोन. तासभर दिवाळीला घरी यायचा हिशेबच. विमान महाग पण झटपट, वेगवान गाडी स्वस्त पण दिवसभर बसा. दोन्ही नागपूरलाच सोडतात, पुढं आमच्या आदिलाबादपर्यंत टॅक्सी! काय जाळायचाय असला वेग? आमच्या वेळची रखडत येणारी गाडी निदान गावात तरी उतरवायची.

"मंग येतोस कशानं?"

"बाबा, काहीच जमून नाही राह्यलं. दिवाळीला व्हिडिओ कॉलच करतो नं."

वा रे हिशेबी! इथं मी सकाळीच त्याची गादी उन्हात टाकली. लहानपणी याच गादीची आगगाडी करून तो शाळेतली झुकझुक गाडीची कविता ओरडायचा. ती गाडी दर वेळी आदिलाबादलाच थांबायची.

गादी अजून गच्चीवरच आहे. दव पडेल. पडू दे.