वंशावळीतला लाल दोरा

दिंद्रुड,
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय प्रियदर्शनी,

अनेक आशीर्वाद. पोळ्याच्या सुमाराला घराण्याच्या ग्रुपवर तू मला विचारलं होतंस, काका, पूर्वज सगळ्यांचे आहेत, मग यात चोरी कसली? उत्तर न देता मी ग्रुप सोडला. तुझा बाप भागवत त्यावर म्हणाला म्हणे, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी हाताळून दादाचंही डोकं जळालंय. धाकट्या भावाला तेवढी सूट असते. आज उत्तर लिहितो. फोन केला असता, पण फोनवर मला मध्येच राग येतो आणि मुद्दा राहून जातो.

आधी माझ्या वंशावळीतून तू काय उचललंस ते नीट समजून घे. मी नववी नापास माणूस. मोटारीचं वायंडिंग दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून शिकलो, मोडी लिपी जुनी कागदं डोळ्यांसमोर धरून. घराण्याची नावं वाचायला भाट यायचा त्याच्या पोथीत नुसते बाप आणि त्यांचे मुलगे. पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात मुलगी जन्मलीच नाही असं वाटावं. त्या मुली मी शोधल्या. सिरसाळा, चकलांबा, जिथं जिथं दिल्या होत्या तिथं मोटारसायकलवर गेलो. म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. चकलांब्याच्या सुभद्राबाईनं मला एका हातानं डोंगर उचलून दाखवला, तेव्हा मी लिहिलं, हनुमान. पुढं युक्ती सापडली. मुद्दाम चुकीचं नाव वाचायचं. चुकीचं कानावर पडलं की त्यांना राहवत नाही, खरं आपोआप बाहेर येतं. यात कितीतरी वर्षं गेली. एकेक नोंद दोन तोंडांनी मिळाल्याशिवाय मी शाईनं लिहिली नाही. त्या साऱ्या कामात खोटी नोंद एकच आहे, आणि ती मी जाणून घातली.

दुकानात मी भरलेल्या प्रत्येक मोटारीत तारांच्या आत लाल दोऱ्याची एक गाठ ठेवतो. बाहेरून दिसत नाही. उद्या कुणी माझं काम आपलं म्हणून खपवलं तर मोटार उघडून गाठ दाखवता येते. वंशावळ टाइप करायला तुझ्याकडं पाठवण्याआधी तिच्यातही तशीच गाठ घातली. माझे खापरपणजोबा आश्रुबा आणि त्यांची बायको केसरबाई, यांच्या मुलांच्या शेवटी एक मुलगी जास्तीची लिहिली. भिवरा, बालपणी वारली. अशी मुलगी त्यांना कधी झाली नाही.

मग तुझं संकेतस्थळ आलं. आश्रुबाखाली भिवरा, आणि सगळ्यात खाली 'संकलन: प्रियदर्शनी'. खोटं कशाला बोलू, रागाच्या आधी मला आनंद झाला. सापडलीस. दुसऱ्याच दिवशी माजलगावला रामप्रसाद वकिलांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की कोण कुणाचा मुलगा, कोण कधी वारलं, यावर कुणाची मालकी नसते. शब्द तुमचे असतील, मांडणी तुमची असेल, तर तेवढ्यापुरतं भांडता येईल. मी लाल दोऱ्याची गोष्ट सांगितली तसे ते हसायला लागले. म्हणाले, "बंकटराव, मग एवढ्या गोतावळ्यात तुमची म्हणावी अशी ती पोरगी एकटीच की." मीही हसलो. परत येताना दिंद्रुडच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

सर्वपित्रीला भागवतनं आम्हाला जेवायला बोलावलं. एरवी तीन पिढ्यांची नावं घ्यायची आपली पद्धत. यंदा लेकीच्या कामाचा अभिमान, म्हणून त्यानं फोन हातात धरून घराण्यातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं वाचली आणि एकेका नावाला पळीभर पाणी सोडलं. भिवराचं नाव आलं. पाणी पडलं. तुझी अंजनाकाकू वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं, तुझ्या आईचा फोन मागून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून तुझं ते पान वर-खाली करत बराच वेळ वाचत बसली. जेवली नाही. काय झालं ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

आणि त्याच दिवसापासून भिवरा गावात फिरते आहे. नव्वदीच्या वनमालाआत्यांनी पंगतीतच सांगितलं की त्यांच्या आजीनं तिला पाहिलं होतं, लई हट्टी पोर, कडेवरून उतरायची न्हाई. आठ दिवसांनी आत्यांच्या बोलण्यात तिला कुरळे केस आले. मग पायात वाळे आले. तुझी वहिनी संगीता, तिच्या लेकराला ताप आला तर ती मळ्यातल्या विहिरीवर हळद-कुंकू ठेवून आली, भिवराचं काही राहिलं असेल म्हणून. मी आत्यांना खोदून विचारलं, पक्कं आठवतं का? त्या माझ्यावरच डाफरल्या. "लेकरू इसरतंय व्हय कुणी?" आता दुकानात मोटार चालू करून बेअरिंगचा आवाज ऐकायला कान लावतो, तर आतून कुणीतरी बोलावल्यासारखं वाटतं. एक मोटार मी दोनदा उघडून बघितली. गाठ जागच्या जागी होती.

परवा भर दुपारी तुझी काकू दुकानात आली. ती कधी येत नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत दाराशी थांबली, बस म्हटलं तर बसली नाही. एवढंच म्हणाली, "माझी लेक दुसरीच्या वटीत कावून घातली वो?"

तुला हे कुणी सांगितलेलं नाही, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. आम्हाला मुलगी झाली होती. पाळणा आणून ठेवला होता. नाव आम्ही दोघांनीच ठरवलं होतं, अंजनाच्या आजीचं, भिवरा. मी जुनाट म्हणून हसलो होतो, ती ऐकली नाही. बारशाआधी नाव फोडायचं नसतं म्हणून कुणाला बोललो नाही. बारशाच्या आदल्या दिवशी पोर गेली. पाळण्यात नाव पडलं नव्हतं, तेव्हा मोठ्या माणसांनी बजावलं की तिला मोजायचं नाही, तिचं पितर घालायचं नाही, नाव काढलं तर ते मागं लागतं. आम्ही एकमेकांपुढंही काढलं नाही. दोरा बांधायची वेळ आली तेव्हा माझ्यासमोर जुन्या नावांचा ढीग पडला होता, तरी हाताला तेच कसं आलं, मला सांगता येत नाही.

तेव्हा प्रियदर्शनी, वर मी खोटी नोंद एकच म्हणालो ते चुकलं. दोन आहेत. दुसरी माझ्या आणि अंजनाच्या नावाखाली, माझ्याच अक्षरात: अपत्य नाही. तू ती जशीच्या तशी उतरवलीस, त्यात तुझा दोष नाही. ती पुसून टाक. भिवराला केसरबाईच्या पदरातून काढ आणि आमच्या खाली लिही. दोन तोंडांची साक्ष आहे, बिनधास्त लिही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणशील तर पूर्वज सगळ्यांचे, हे मला मान्य आहे. खुशाल वाट. 'संकलन' पुढं तुझंच नाव राहू दे. माझं नाव भिवराच्या वर असलं की मला पुरे. झालं की काकूच्या फोनवर पाठव, ती दोन दिवस फोन पदराला बांधून फिरते आहे. आश्रुबांना अशी मुलगी नव्हती, हे वनमालाआत्यांना मी समजावीन. फक्त एक त्यांच्याकडून काढून घेणार नाही. केस कुरळेच होते.

तुझाच,
बंकटकाका